आपटा की कांचन: निवड जागा पाहून व्हावी

दसरा जवळ आला की एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, लोक त्या घेतात, एकमेकांना देतात, आणि झाडांची जाण असलेली मंडळी परोपरीने सांगत राहतात की हे ते झाड नव्हे. एकादशी उजाडली की वाद थंडावतो. नाशिकला मात्र यापुढे तो असा सोडून देता येणार नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची आणि इतर कामे हाती घेतली गेली. साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५च्या अखेरीस नाशिककरांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावण्याची चर्चाही तेव्हापासून चालू आहे. अशा वेळी कोणते झाड कुठे लावायचे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्या निर्णयाचे परिणाम पुढची पन्नास वर्षे शहरासमोर उभे राहणार असतात.

आपटा आणि कांचन ही जोडी हा प्रश्न समजून घ्यायला चांगली आहे. दोन्ही झाडे आपल्या परिचयाची आहेत, एका कुळातली आहेत, आणि त्यांची गल्लत रोज होते. दोन्हींच्या बाजूने बोलणारे लोक आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून घाईने निकाल देण्याआधी दोन्ही पारडी नीट भरून पाहिली पाहिजेत.

आधी नाते. वनस्पतिशास्त्रात ही दोन्ही झाडे ‘बाउहिनिया’ या एकाच प्रजातीत मोडतात. योहान आणि कास्पार बाउहिन या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचे नाव या प्रजातीला दिले गेले, कारण हिचे पान दोन जुळ्या भागांचे, टोकाशी दुभंगलेले असते. आपटा म्हणजे बाउहिनिया रेसिमोसा. कांचन म्हणून आपण जे ओळखतो त्यात मुख्यतः दोन जाती येतात. बाउहिनिया व्हेरिगाटा ही फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, झाडावर पाने थोडी उरलेली असताना फुलते. बाउहिनिया पर्पुरिया, म्हणजे बऱ्याच ठिकाणी ज्याला देवकांचन म्हणतात ते झाड, पावसाळा सरता सरता फुलू लागते आणि थंडीपर्यंत फुलत राहते. या दोन्ही जातींना लिनियसने १७५३मध्ये शास्त्रीय नावे दिली.

दुभंगलेले पान हीच गल्लतीची जागा आहे. पण फरक ओळखणे अवघड नाही. आपट्याचे पान लहान असते, लांबीपेक्षा रुंदीला जास्त भरते, हाताला जाड आणि चिवट लागते, आणि त्याची खालची बाजू करडी, किंचित लवदार असते. कांचनाचे पान बरेच मोठे, बहुधा तळहाताएवढे, पातळ आणि मऊ असते. पानावरून खात्री पटली नाही तर झाडाकडे पाहावे. आपटा ठेंगणा, वाकडातिकडा, काळपट खरबरीत सालीचा असतो आणि त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. कांचन सरळ वाढतो आणि त्याची साल तुलनेने गुळगुळीत असते. आपट्याची फुले बारीक, पांढुरकी-पिवळसर, तुऱ्यात येणारी आणि सहज नजरेतून निसटणारी. कांचनाची फुले मोठी, गुलाबी-जांभळी, लांबूनही दिसणारी. शेंगांतला फरक तर सर्वांत पक्का आहे. कांचनाची चपटी शेंग वाळली की तडकून उलते आणि बिया दूर फेकते. आपट्याची फुगीर, काळसर शेंग उलत नाही, ती महिनोन्‌महिने झाडावरच लटकून राहते.

आता आपट्याची बाजू. हे आपल्या पानझडी जंगलांचे झाड आहे. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला पाऊस कोसळतो, पण शहरापासून पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे जावे तसा तो झपाट्याने आटत जातो. मुरमाड उतार, उथळ माती, आठ महिने कोरडे, अशा जमिनीवर तग धरण्यासाठी जी झाडे पिढ्यान्‌पिढ्या घडत आली, त्यांत आपटा आहे. उन्हाळ्यात तो पाने गाळून पाणी वाचवतो. तोडला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो. त्याच्या अंतर्सालीचा चिवट वाख दोरासाठी वापरला जात आला आहे. विडी वळायला मुख्यतः टेंभुर्णीचे पान लागत असले, तरी आपट्याचे पानही त्या कामी येत असे. ज्या जिल्ह्यात सिन्नरसारख्या गावी कितीतरी घरांची चूल विड्या वळण्यावर चालली, तिथे हा उपयोग क्षुल्लक म्हणता येत नाही. वैद्यकात त्याची साल तुरट, स्तंभक म्हणून सांगितली आहे. मुख्य म्हणजे तो एकटा वाढत नाही. बोर, खैर, धावडा, टेंभुर्णी यांच्यासोबतच्या गवताळ, विरळ रानाचा तो एक भाग आहे. रान परत उभे करायचे असेल तर त्याला वगळता येणार नाही.

पण आपट्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. तो सावकाश वाढतो. जमिनीपासून थोड्याच उंचीवर फांद्या फुटतात आणि त्या झुकतात, त्यामुळे अरुंद पदपथावर तो चालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. मग वर्षातून दोनदा छाटणी, आणि छाटून छाटून शेवटी खुंट. दाट सावली हवी असेल तर ती त्याच्याकडून फारशी मिळत नाही. रोपवाटिकांत कांचन ज्या सहजपणे मिळतो तसा आपटा मिळत नाही. झाड लावणाऱ्याने रोप मागावे आणि आपट्याच्या नावाने कांचन हाती पडावा, असेही घडते. देशी झाड म्हणून कौतुक करून ते चुकीच्या जागी लावले, तर त्या झाडाचेही भले होत नाही आणि देशी झाडांबद्दल लोकांचे मत मात्र वाईट होते.

कांचनाच्या पारड्यातही बरेच काही आहे. तो लवकर वाढतो, बेताच्या उंचीवर थांबतो, वीजवाहिन्यांखाली किंवा घराच्या कुंपणाजवळ फार त्रास देत नाही. रोप लावल्यानंतर काही वर्षांतच फुलतो. देवकांचन पावसाळ्यानंतर आणि व्हेरिगाटा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलत असल्याने दोन्ही लावले तर वर्षाच्या दोन टोकांना मधमाश्या, भुंगे आणि शिंजिरांना खाद्य मिळते. त्याच्या कळ्यांची भाजी उत्तर भारतात आवडीने खातात. आयुर्वेदातला कांचनार गुग्गुळ गंडमाळ, गलगंड अशा विकारांवर दिला जातो, त्यात याच झाडाची साल असते.

त्याला परका म्हणून हिणवणेही बरोबर नाही. गुलमोहर मादागास्करचा आहे. नाशिकच्या कितीतरी रस्त्यांवर सावली धरणारा वर्षावृक्ष अमेरिका खंडातून आला. कांचन तसा नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या पट्ट्यात तो रानात वाढतो. भारतीय साहित्यात त्याला जुने स्थान आहे. वाल्मीकी रामायणात भरताच्या सैन्याच्या ध्वजावर कोविदार वृक्षाचे चिन्ह आहे, आणि कोविदार म्हणजे कांचन असे सामान्यतः मानले जाते. पंचवटीच्या गावाने तरी या झाडाला उपरे म्हणू नये.

तरीही भारतीय असणे आणि नाशिकच्या रानातले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमालयाच्या पायथ्याशी शोभणारे झाड सह्याद्रीच्या कोरड्या उतारावर तेवढेच उपयोगी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. शहरात त्याला पाणी मिळते, आधाराला काठी मिळते, जनावरांपासून जाळी मिळते. डोंगरावर यातले काहीच नसते. शिवाय फुलांच्या हौसेला सीमा नसते. हाँगकाँगच्या ध्वजावर १९९७पासून जे फूल आहे ते कांचनाच्याच कुळातले, बाउहिनिया पर्पुरिया आणि व्हेरिगाटा यांच्या संकरातून झालेले आहे. देखणे आहे, पण ते झाड वांझ आहे. त्याला बी धरत नाही, कलमांनीच ते वाढवावे लागते. शोभेपुरते ते ठीक. पण वनीकरण म्हणजे स्वतःहून पुढची पिढी उभी करू शकेल अशा झाडांची वस्ती. तिथे फुलाचा रंग हा निकष असू शकत नाही.

दोन्ही बाजूंकडून केला जाणारा एक दावा इथेच निकालात काढायला हवा. शेंगावर्गीय झाडे म्हणून आपटा किंवा कांचन जमिनीत नत्र साठवतात आणि माती सुपीक करतात, असे सांगितले जाते. शेंगावर्गात असली तरी बाउहिनियाच्या उपकुळातील झाडांच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी साधारणतः येत नाहीत. पालापाचोळ्याने माती सुधारेल, तेवढेच. हा मुद्दा कुणाच्याच पारड्यात टाकू नये.

आता सणाचा प्रश्न. वरतंतूचा शिष्य कौत्स, त्याने गुरुदक्षिणेसाठी मागितलेल्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा, आणि कुबेरावर चाल करून निघालेला रघुराजा ही कथा सर्वांना ठाऊक आहे. लोककथेत सोने आपट्याच्या किंवा शमीच्या झाडावर बरसते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात मात्र ते राजाच्या कोषागारात पडते, झाडाचा उल्लेख तिथे नाही. म्हणजे झाड कथेत नंतर आले, आणि ते लोकांनी आपल्या परिसरातून घेतले. विजयादशमीला मूळ मान शमीचा. शमी मिळाली नाही तर अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची पूजा करावी, अशी सोय धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी सांगितली आहे. महाराष्ट्रात आपटा भरपूर होता, म्हणून पर्यायच मुख्य झाला.

यावर कांचनाचे पाठीराखे विचारू शकतात: आपटा स्वतः पर्याय म्हणून आला असेल, तर त्याच्या जागी कांचन आला म्हणून काय बिघडले? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पर्याय म्हणून कांचन देण्यात धर्म बुडत नाही. बिघडते ते दुसऱ्या ठिकाणी. शमीऐवजी आपटा घेणाऱ्याला आपण आपटा घेतो आहोत हे माहीत होते. आज कांचन घेणाऱ्याला तो आपटाच वाटतो. पर्याय जाणून निवडला तर मूळ झाडाची आठवण शिल्लक राहते. नकळत झालेल्या अदलाबदलीत मूळ झाड विस्मरणात जाते, आणि जे झाड कुणाला ओळखता येत नाही त्याच्या तोडीविरुद्ध कुणी उभे राहत नाही.

पाने तोडावीत की नाही, यावरही दोन मते आहेत. एका बाजूला म्हणतात, दसऱ्याला लाखो पाने ओरबाडली जातात, ही प्रथाच बंद करावी. दुसरी बाजू म्हणते, पानझडी झाडाची पाने काही महिन्यांनी गळणारच असतात, थोडी आधी खुडली तर काय फरक पडतो? पान खुडल्याने झाड मरत नाही, हे खरे आहे. पण बाजारात सुटी पाने कमी आणि तोडलेल्या फांद्या जास्त येतात. आपट्याला उन्हाळ्यात धरलेल्या फुलांच्या शेंगा आश्विनात त्याच फांद्यांवर भरत असतात. फांदी तोडली की पुढच्या पिढीचे बी गेले. देवकांचनाची तोड तर ऐन बहरात होते, फांदीबरोबर कळ्या आणि फुले जातात. म्हणजे कांचन वापरला की आपटा वाचतो, हा युक्तिवादही पुरता खरा नाही. एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकले जाते, एवढेच.

इथे गावाकडून पाने आणून विकणाऱ्या बायांचाही विचार करायला हवा. सणाच्या दोन दिवसांत त्यांना जे चार पैसे मिळतात, ते पर्यावरणाच्या नावाने त्यांच्या हातून काढून घेणे अन्यायाचे होईल. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ग्राहकाने मागणी बदलावी. फांदी नको, खुडलेली पाने द्या, हवे तर तेच पैसे घ्या, असे दहा जणांनी सांगितले तर अकराव्याला न सांगता तशी पाने मिळू लागतील. आणि त्या पानांबरोबर कांचनाला आपटा म्हणून विकू नये, इतकी अपेक्षा बाजारात कुणाकडूनही ठेवता येते.

दोन भावंड-जातींतला फरक किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तिथल्या शहरांत एल्म झाडे रोगाने गेली, तेव्हा त्यांच्या जागी रस्त्यांच्या दुतर्फा ॲश नावाची झाडे लावली गेली, मुख्यतः ग्रीन ॲश आणि व्हाइट ॲश या दोन जाती. २००२मध्ये मिशिगन राज्यात पूर्व आशियातून आलेला एक हिरवा भुंगा सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरतात. पुढच्या वर्षांत कोट्यवधी झाडे वाळली. त्याच प्रजातीतला मांचुरियन ॲश मात्र त्या भुंग्यासमोर बराच टिकतो, कारण दोघे एकाच प्रदेशात हजारो वर्षे सोबत वाढले आहेत. नाव एक, कूळ एक, दिसणे सारखे, पण भवितव्य वेगळे. त्यातून दोन धडे घ्यावेत. भावंडे असली तरी एक झाड दुसऱ्याची जागा भरून काढतेच असे नाही. आणि रस्ताच्या रस्ता एकाच जातीने भरणे धोक्याचे असते, मग ती जात कितीही देखणी किंवा कितीही देशी असो.

हा धडा नाशिकला लागू पडतो. राज्याच्या नागरी भागासाठीच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचा दंडक आला. संख्येचा प्रश्न असा काही अंशी सुटला. पण संख्या पुरी करण्याची घाई असली की रोपवाटिकेत जे तयार असेल, लवकर वाढेल आणि फुलून छायाचित्रात चांगले दिसेल, तेच लावले जाते. त्या स्पर्धेत कांचन नेहमी जिंकतो आणि आपटा नेहमी हरतो. हरण्याचे कारण त्याची अयोग्यता नसते. त्याच्यासाठी कुणी आधी दोन वर्षे बी गोळा करून रोपे तयार केलेली नसतात, हे असते.

दुसरा मार्ग शक्य आहे, हे याच शहराने दाखवले आहे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५पासून आपलं पर्यावरण संस्थेच्या पुढाकाराने आणि नागरिकांच्या श्रमातून स्थानिक जातींची हजारो झाडे लावून नाशिक देवराई उभी राहिली. २००८मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या बोरगडचेही उदाहरण समोर आहे. उजाड डोंगर स्थानिक झाडांनी पुन्हा हिरवा होतो, याला आता पुराव्याची गरज नाही.

म्हणून आमचे मत असे. कॉलेज रोड, गंगापूर रोड यांसारख्या भागांतील गल्ल्या, सोसायट्यांची आवारे, बागा, दुभाजक इथे कांचन लावायला हरकत नाही, मात्र इतर जातींबरोबर मिसळून आणि कांचन हे नाव सांगून. डोंगरउतार, गायराने, नदीकाठच्या मोकळ्या जमिनी, शेताचे बांध, शाळांची मैदाने आणि झाडतोडीची भरपाई म्हणून होणारी प्रत्येक मोठी लागवड इथे आपट्याला पहिला मान मिळावा, आणि त्याच्यासोबत त्याच्या रानातल्या इतर झाडांना. ज्या तोडीने रान गेले तिची भरपाई बागेने होत नाही. दोन्ही झाडांना सारखे प्रेम देता येईल, पण सारखी मदत देण्याचे कारण नाही. कांचनाला त्याचे फूल जागा मिळवून देते. आपट्याला ती आपण ठरवून द्यावी लागेल.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाने लागवडीच्या यादीत संख्येबरोबर जातीचे नेमके नाव आणि निवडीचे कारण जाहीर करावे. रोपवाटिकांनी हिवाळ्यात आपट्याच्या शेंगा गोळा करून पुढच्या पावसाळ्यांसाठी रोपांची तयारी आत्तापासून करावी. शाळांनी एका दिवसाचा पाठ वर्गाबाहेर घेऊन मुलांच्या एका हातात आपट्याचे आणि दुसऱ्या हातात कांचनाचे पान द्यावे. ते मूल पुन्हा कधी गल्लत करणार नाही.

आणि वाचकांना एक विनंती. येत्या दसऱ्याला सोने द्यायचेच असेल तर एक पान द्या, फांदी तोडू नका, आणि ते पान कोणत्या झाडाचे आहे हे देताना सांगा. अंगणात किंवा शेताच्या बांधावर वाव असेल तर पुढच्या पावसाळ्यात आपट्याचे एक रोप लावा आणि पहिली तीन वर्षे त्याला जपा.